वाद्याच्या अंगातला सूर

जावा बेटावरच्या गामेलान या मुख्यतः धातूच्या वाद्यांच्या वृंदाचे सूर पियानोवर शोधायला गेलात, तर त्यातले बरेचसे सापडतच नाहीत. ते पियानोच्या दोन सुरांच्या मधे कुठेतरी पडतात. सवय नसलेल्या श्रोत्याला मग वाटतं, ही वाद्यं नीट लावलेली नाहीत. ती फार काळजीने लावलेली असतात. त्यांचा हिशेब तेवढा वेगळा आहे. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने नाना देशांच्या वाद्यांचे सूर मोजले आणि १८८५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. मोजण्यासाठी त्याने सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग पाडले. ‘सेंट’ नावाचं ते माप आजही वापरात आहे. निसर्गाने नेमून दिलेला एकच एक स्वरक्रम नाही, माणसांनी ते आपल्या मर्जीने घडवले, असा त्याचा निष्कर्ष होता. माणसांनी घडवले हे खरंच. पण त्या मर्जीला एक लगाम होता, आणि तो वाद्याच्या अंगातच असतो असं मला वाटतं.

ताणलेली तार छेडली की ती एकाच वेळी अनेक प्रकारे थरथरते: पूर्ण लांबीने, दोन भागांत, तीन भागांत, आणि असंच पुढे. मूळ सूर सेकंदाला २०० कंपनांचा असेल तर त्याच्या जोडीने ४००, ६००, ८००, १००० असे उपस्वर उमटतात. बासरीतली हवा आणि माणसाचा गळा यांचंही गणित असंच पूर्ण पटींचं. मूळ सूर पहिला धरला, तर या मालिकेतला तिसरा उपस्वर पंचमाचा आणि पाचवा गंधाराचा. म्हणून सुरेल लागलेल्या तंबोऱ्यातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो. षड्ज आणि पंचम एकत्र वाजले की दोघांचे बरेच उपस्वर एकमेकांवर नेमके बसतात. ते अगदी जवळ येऊनही जुळले नसते, तर कानाच्या आतल्या शंखात त्यांची धक्काबुक्की होऊन नाद खरखरीत लागला असता. ही खरखर कधी जाणवते आणि कधी नाही, हे प्लॉम्प आणि लेवेल्ट या डच संशोधकांनी १९६५ मध्ये प्रयोगाने दाखवलं.

धातूच्या पट्टीचं गणित मात्र पूर्ण पटींचं नसतं. सरळ, एकसारख्या पट्टीचा दुसरा उपस्वर मूळ सुराच्या सुमारे २.७६ पट असतो आणि तिसरा ५.४ पट. मग पंचमाच्या जागी उपस्वर जुळायचे कसे? ते जुळतात भलत्याच ठिकाणी. विल्यम सेथारेस या अमेरिकी संशोधकाने १९९० च्या दशकात याचं गणित मांडलं: नादातले उपस्वर बदलले की गोड वाटणाऱ्या स्वरांतरांच्या जागाही सरकतात. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात गामेलानमधल्या बोनांग या वाद्यासारखा नाद अमेरिकी श्रोत्यांना ऐकवला गेला. त्यांनी पसंत केलेली स्वरांतरं पाश्चात्त्य स्वरक्रमापासून दूर सरकली आणि जावातल्या स्लेंद्रो या पाच स्वरांच्या रचनेशी जवळीक दाखवू लागली. गामेलानचा गंधही नसलेल्या कानांनी हे करावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडच्या कारागिरांनी उलट वाट धरली. साध्या चामड्याच्या पडद्याचे उपस्वर १.५९, २.१४, २.३० अशा वाकड्या पटींत असतात, म्हणून बहुतेक ढोल ठराविक सुरात बोलत नाहीत. मृदंग-तबल्यावर शाईचे थर चढवून कारागिरांनी ते उपस्वर पूर्ण पटींच्या जवळ आणले. चर्मवाद्य असं तंतुवाद्याच्या घराण्यात येऊन बसलं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० मध्ये यावर लिहिलं, तेव्हा नोबेल दहा वर्षं दूर होतं.

बालीमध्ये तर बेसूर वाटेल अशी गोष्ट मुद्दाम केली जाते. तिथे वाद्यं जोडीने घडवतात आणि जोडीतलं एक किंचित चढं ठेवतात. दोन्ही एकत्र वाजली की आवाज सेकंदाला साधारण ५ ते ८ वेळा हेलकावतो. बालीतले वादक त्याला ओंबाक, म्हणजे लाट म्हणतात. ती लाट काढली तर त्यांच्या लेखी वाद्य मेलं.

या पार्श्वभूमीवर फ्यूजनकडे, म्हणजे दोन परंपरांच्या संगीताच्या मिश्रणाकडे पाहावं. लोकसंगीताचा एखादा तुकडा उचलायचा, संगणकावर तो बारा स्वरांच्या चौकटीत ओढून बसवायचा आणि खाली कॉर्ड्स अंथरायच्या, या प्रकारात एका बाजूने सगळं गमावलेलं असतं. मला भावतात ते वाद्यालाच हात घालणारे लोक. अमेरिकी संगीतकार लू हॅरिसनने १९८० च्या दशकात पियानो आणि जावानी गामेलानसाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य आणि वृंद यांची रचना केली. त्यात पियानोच्या तारा गामेलानच्या सुरांवर नव्याने लावाव्या लागतात. गामेलान हलत नाही. अरबी मकामांमध्ये, म्हणजे तिथल्या रागांसारख्या स्वररचनांमध्ये, कोमल आणि शुद्ध स्वरांच्या मधले स्वर लागतात, ते तीन व्हॉल्व्हच्या ट्रम्पेटवर नीट निघत नाहीत. लेबनीज वादक नसीम मालूफ यांनी १९६० च्या दशकात ट्रम्पेटला चौथा व्हॉल्व्ह बसवून घेतला. त्यांचा मुलगा इब्राहिम आज त्याच प्रकारच्या ट्रम्पेटवर जॅझ वाजवतो. ‘शक्ती’ या फ्यूजन गटात तबलावादक झाकीर हुसेन आणि व्हायोलिनवादक एल. शंकर यांच्याबरोबर वाजवताना इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनने गिटारच्या पडद्यांमधली जागा खोलगट कोरून घेतली, कारण त्याने तार खेचून मींड घेणं सोपं होतं.

वाद्य बदलता येतं, कान बदलणं त्याहून अवघड. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना पाश्चात्त्य कानाला कर्कश वाटणारे स्वरमेळ गोड मेळांइतकेच आवडले, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे खरखर ऐकू येणं एक आणि ती नकोशी वाटणं दुसरं. लयीचंही असंच. बाल्कन प्रदेशातल्या २+२+३ अशा तिरप्या लयीत केलेला बदल सहा महिन्यांची उत्तर अमेरिकी बाळं ओळखतात. वर्षाची झाली की ती क्षमता ओसरू लागते, असं २००५ च्या सुमारास हॅनन आणि ट्रेहब या संशोधकांना आढळलं. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचे जेम्बे हा ढोल वाजवणारे वादक ठोक्याचे पोटभाग मुद्दाम असमान ठेवतात, आणि त्या असमानतेत कमालीचं सातत्य असतं. संगणकाने ती सरळ केली की लय जागेवर राहते आणि वजन निघून जातं.

२०२४ मध्ये १५ देशांतल्या ३९ समूहांची लयीची जाण तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. समूहासमूहात मोठे फरक निघाले. मात्र विद्यार्थी आणि इंटरनेटवरून सहभागी झालेले लोक स्वतःच्या देशातल्या पारंपरिक समूहांपेक्षा अमेरिकी श्रोत्यांच्या जवळ गेलेले दिसले. मालीची ती असमान लय, बालीची ती लाट ऐकू येणारे कान अशाने विरळ होत जातील याची मला काळजी वाटते. हॅरिसनला पियानो कशावर लावायचा हे कळलं, कारण गामेलानचे सूर जपणारे लोक तेव्हा होते.