अध्यापन मूल्यमापन : साताऱ्यातील प्राध्यापकांची दृष्टी

महाविद्यालय आणि विद्यापीठातील शिक्षकाच्या शिकवण्याचा दर्जा ठरवण्याची पद्धत, आणि तिच्याकडे खुद्द शिक्षक कसे पाहतात याचा विचार. सातारा भागातली बहुतेक महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न आहेत. २०२१ पासून रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठही शहरात आहे. मूल्यमापनाचे नियम मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाचे, म्हणजे देशभर सारखेच.

आयोगाने २०१० मध्ये 'एपीआय', म्हणजे शिक्षकाच्या शैक्षणिक कामगिरीला गुण देण्याची पद्धत आणली. २०१८ च्या नियमावलीत पदोन्नतीसाठी अध्यापनाचा निकष सोपा झाला : नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगले', ७० ते ८० मध्ये 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'. प्राध्यापकांची मुख्य तक्रार इथेच आहे आणि ती रास्त आहे. यात तास मोजले जातात, शिकवणे नाही. फळा भरून निघून जाणारा आणि मागच्या बाकावरच्या मुलीला कळेपर्यंत तेच गणित तिसऱ्यांदा सोडवणारा, दोघेही एकाच रकान्यात बसतात.

विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाबद्दल मात्र एकमत नाही. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या, मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण असते. शिवाय महाविद्यालयाचा आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी) कक्ष स्वतः अभिप्रायाचे फॉर्म भरून घेतो. माण-खटाव तालुक्यांतल्या मराठी शाळांतून आलेली मुले बीएस्सीला इंग्रजीशी झगडत असतात, आणि फॉर्मही पुष्कळदा इंग्रजीत. एसटी चुकेल म्हणून मोबाईलवर सगळीकडे एकच आकडा दाबून ती मोकळी होतात. त्या सरासरीवर शिक्षक फारसा विश्वास ठेवत नाहीत. पण शेवटच्या मोकळ्या जागेत कुणी 'सर, आकृती लगेच पुसू नका' एवढेच लिहिले, तर पुढच्या वर्गात फळा खरोखर उशिरा पुसला जातो.

तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षकांची गोष्ट वेगळी. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, त्यामुळे हाच फॉर्म त्यांना धास्तीचा वाटतो. पेपर कडक तपासला की अभिप्राय घसरेल, ही भीती निराधार नाही : मिळणाऱ्या गुणांची अपेक्षा आणि अभिप्राय यांचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे.

मूल्यमापनच नको, असे म्हणणारे थोडे. बाकीच्यांची मागणी साधी असते : फॉर्म मराठीत हवा, तो सत्राच्या मध्यावर हवा म्हणजे त्याच मुलांना उपयोग होईल, आणि विषय जाणणाऱ्या सहकाऱ्याने वर्गात बसून, नंतर चहावर का होईना, मोकळेपणाने बोलावे.