विभागाची वेबसाइट आणि बेचाळीस चिठ्ठ्या

विद्यापीठातल्या एखाद्या विभागाची वेबसाइट नव्याने करायला घेतली की पहिल्याच बैठकीत समोर एक कागद येतो. त्यावर चौकटी आखलेल्या असतात. वर विभागप्रमुख, त्याखाली अभ्यास मंडळ, संशोधन समिती, परीक्षा समिती, ग्रंथालय, कार्यालय. ‘मेनू असाच ठेवा, म्हणजे कोणी राहायला नको,’ असं सांगितलं जातं. अशा बऱ्याच वेबसाइट मी केल्यात. तो कागद मी घडी घालून खिशात ठेवतो, आणि तरीही दोन महिन्यांनी पाहावं तर वेबसाइट हळूहळू त्या कागदासारखीच दिसायला लागलेली असते.

याला नाव आहे, कॉनवेचा नियम. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने १९६८ साली लिहून ठेवलं की कुठलीही संस्था जी यंत्रणा आखते, तिच्या रचनेत त्या संस्थेतल्या माणसांच्या आपसातल्या बोलण्याचालण्याची नक्कल उतरते. तेव्हा वेब जन्मायला वीस वर्षं अवकाश होता. कॉनवे सॉफ्टवेअरबद्दल बोलत होते. पण विभागाच्या वेबसाइटला हे तंतोतंत लागू पडतं. अभ्यास मंडळ आणि परीक्षा समिती एकमेकांशी फारसं बोलत नसतील, तर अभ्यासक्रम एका पानावर आणि त्याच विषयाची गुणांची विभागणी भलत्याच पानावर सापडते. मध्ये एक लिंकसुद्धा नसते. बाहेरच्या माणसाला त्या दोघांचं पटत नाही हे कळायचं काही कारण नाही, पण त्याचा त्रास मात्र त्यालाच होतो.

बाहेरून येणारा माणूस प्रश्न घेऊन येतो. अर्जाची मुदत कधीपर्यंत आहे? या विषयावर इथे कोण काम करतं? प्रयोगशाळा कुठल्या मजल्यावर आहे? तो उत्तर कसं शोधतो याचा अभ्यास १९९०च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधनकेंद्रात पीटर पिरोली आणि स्टुअर्ट कार्ड यांनी केला. त्यांनी कल्पना उसनी घेतली ती प्राणी अन्न कसं शोधतात याच्या शास्त्रातून. पक्षी एका झुडपात किती वेळ थांबतो? तिथे मिळणारे दाणे त्यासाठी लागणाऱ्या कष्टाच्या मानाने परवडतात तोवर. मग तो दुसऱ्या झुडपाकडे उडतो. माणूसही माहितीच्या शोधात असाच हिशेब करतो, आणि पुढे काही मिळेल का याचा अंदाज त्याला लिंकच्या शब्दांवरून येतो. या अंदाजाला त्यांनी माहितीचा ‘वास’ म्हटलं.

‘शैक्षणिक’ या शब्दाला कसलाच वास नाही. विद्यापीठात सगळंच शैक्षणिक असतं. ‘उपक्रम’, ‘सुविधा’, ‘इतर’ हे शब्दही तसेच. उलट ‘पीएच.डी. प्रवेश : पात्रता आणि मुदत’ अशी लांबलचक लिंक डिझाइनरला डोळ्यांत खुपते, पण वाचणारा तिच्यावर डोळे मिटून क्लिक करतो. तीन क्लिकच्या आत सगळं सापडलं पाहिजे, असा एक नियम बैठकीत कोणीतरी हमखास ऐकवतो. त्यात फारसा दम नाही. दर क्लिकला वास वाढत असेल तर माणूस सहा क्लिकही कुरकुर न करता करतो. वास तुटला तर दुसऱ्याच क्लिकला निघून जातो.

मग शब्द आणि गट ठरवायचे कसे? इथे मी चिठ्ठ्या काढतो. मागच्या एका कामात बेचाळीस झाल्या होत्या. वेबसाइटवर जे जे असायला हवं ते एकेका चिठ्ठीवर लिहायचं, त्या टेबलावर पसरायच्या आणि समोरच्याला सांगायचं, तुमच्या मते ज्या एकत्र जातात त्यांचे गठ्ठे करा आणि गठ्ठ्यांना नाव द्या. आपण गप्प बसायचं. या गप्प बसण्याला बरीच सवय लागते.

अध्यापकांचे गठ्ठे खिशातल्या त्या कागदाबरहुकूम पडले. विद्यार्थ्यांचे नाही. एका मुलीने शिष्यवृत्ती, शुल्क परत मिळण्याचे नियम, प्रयोगशाळेची अनामत आणि परिषदेला जाण्यासाठीचं अनुदान अशा चार चिठ्ठ्या उचलल्या आणि वर लिहिलं, ‘पैसे’. विभागात या चार गोष्टी चार वेगवेगळ्या टेबलांवर होत्या. दुसऱ्या एकाने बराच विचार करून एका गठ्ठ्याला नाव दिलं, ‘सही कोणाची लागते’. तिथे बसलेल्या प्राध्यापकांना हसू आलं. मला मात्र मेनूतला एक शब्द मिळाला होता.

या खेळामागे साधं गणित आहे. बेचाळीस चिठ्ठ्यांच्या ८६१ जोड्या होतात. प्रत्येक जोडी किती जणांनी एकाच गठ्ठ्यात टाकली ते मोजायचं. शिष्यवृत्ती आणि शुल्क परतावा वीसपैकी अठरा जणांनी एकत्र ठेवले, तर त्यांच्यातलं अंतर कमी. मग सगळ्यांत जवळच्या जोड्या आधी बांधायच्या, त्यांना पुढच्या जवळच्या जोडायच्या, असं करत एक झाड तयार होतं. जीवशास्त्रात प्रजातींचं नातं दाखवायला अशाच तऱ्हेची झाडं काढतात. योग्य उंचीवर ते झाड आडवं कापलं की मेनूच्या फांद्या हातात येतात. काही चिठ्ठ्या कुठेच बसत नाहीत. ‘चर्चासत्रे’ ही चिठ्ठी दर माणसागणिक वेगळ्या गठ्ठ्यात गेली. अशी गोष्ट खुशाल दोन ठिकाणी ठेवावी. कपाटातल्या फाइलला एकच खण मिळतो, लिंकला तसं बंधन नाही.

होमपेजवरच्या सरकत्या फोटोंबद्दल मात्र मी आता वाद घालत नाही, फक्त आकडा सांगतो. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या एका वेब डेव्हलपरने २०१३ साली आपल्याच होमपेजची मोजदाद जाहीर केली. तिथल्या मोठ्या सरकत्या चित्रांवर जेमतेम एक टक्का लोक क्लिक करत होते, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच चित्रावर. पाचव्या चित्रात स्वतःचा सत्कार यावा म्हणून भांडणाऱ्यांना हा आकडा आवडत नाही.

आराखडा कागदावर बरा वाटला तरी माणूस समोर बसवून पाहिल्याशिवाय खरं काही कळत नाही. त्यासाठी शेकडो माणसं लागत नाहीत. याकोब नीलसन आणि टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेल्या हिशेबानुसार एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड्या पाडतो. दुसरा काही त्याच, काही नव्या दाखवतो. पाच माणसांपर्यंत पोचलं की सुमारे ८५ टक्के अडचणी हाती लागतात. पुढे तेच तेच दिसत राहतं. अर्थात हे ३१ टक्के म्हणजे सरासरी, दगडावरची रेघ नाही.

एका मुलाला मी सांगितलं, प्रबंधाची रूपरेषा सादर करायची शेवटची तारीख शोध. तारीख होमपेजवरच होती. ठळक अक्षरात, नारिंगी चौकटीत, उजव्या कोपऱ्यात. त्याने आधी ‘संशोधन’ उघडलं, मग ‘परीक्षा’, मग सूचनांची यादी खालपर्यंत चाळली, पुन्हा होमपेजवर आला. माऊसचा बाण त्या चौकटीवरून दोनदा गेला. चार मिनिटांनी तो म्हणाला, “सर, इथे दिलेली नाही.” चौकट दाखवल्यावर म्हणाला, “ही जाहिरात वाटली.” राइस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी १९९८ साली नेमकं हेच टिपलं होतं. पानावरचा जो भाग सर्वांत भडक केलेला असतो तोच नजर वगळते. आम्ही चौकट काढली आणि तारीख साध्या ओळीत, ‘पीएच.डी.’ या मथळ्याखाली लिहिली. पुढच्या मुलाला ती लगेच सापडली.

तो नारिंगी रंग विद्यापीठाच्या बोधचिन्हातला होता, त्यामुळे त्यावर खल झाला. पांढऱ्यावर नारिंगी अक्षरं सगळ्यांना ‘प्रसन्न’ वाटत होती. वाचनीयता मात्र मोजता येते. पडद्यावरच्या लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाला डोळा सारखं महत्त्व देत नाही. उजळपणाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा जेमतेम ७ धरतात. त्यावरून दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर निघतं. काळ्या-पांढऱ्याचं ते २१ येतं. वेबच्या सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांसह सगळ्यांना ती वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ मागतात. पांढऱ्यावर नारिंगीचं भरलं दोनच्याही किंचित खाली. आकडा दाखवल्यावर प्रसन्नतेचा मुद्दा निघाला नाही.

याच निकषांपुढे स्कॅन केलेल्या सूचनाही नापास होतात. सही-शिक्क्याच्या कागदाचा फोटो पीडीएफमध्ये घालून चढवला की दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, तिथे एकही अक्षर दिसत नाही.

उरला पत्त्यांचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यांत जिव्हाळ्याचा. विभागांच्या जुन्या वेबपत्त्यांत एक नागमोडी रेघ (~) असते आणि तिच्यापुढे एखाद्या प्राध्यापकाचं नाव. युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकात ती रेघ म्हणजे त्या व्यक्तीचं ‘होम’, तिचं खासगी फोल्डर. ही खूण आली एडीएम-३ए नावाच्या १९७०च्या दशकातल्या टर्मिनलवरून, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवरून. त्याच्या कीबोर्डवर ‘होम’ आणि ती रेघ एकाच बटणावर होती. बटणावरचा हा योगायोग पुढे जगभरच्या विद्यापीठांच्या पत्त्यांत जाऊन बसला. पंचाईत अशी की माणूस निवृत्त होतो, त्याचं खातं बंद होतं आणि त्याबरोबर पानंही जातात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२४च्या पाहणीत, २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावलं होतं की चांगला पत्ता बदलत नाही. पत्त्यात माणसाचं, पदाचं किंवा सॉफ्टवेअरचं नाव घालू नये, कारण हे तिन्ही बदलतात.

नवी वेबसाइट सुरू केली की पहिला आठवडा मी ‘४०४’ची, म्हणजे न सापडलेल्या पानांची यादी बघत बसतो. त्या बेचाळीस चिठ्ठ्यांच्या कामात यादीत सगळ्यांत वर एक नागमोडी पत्ता होता. मोजमापातल्या त्रुटींवरच्या हस्तलिखित टिपणांचा. लिहिणारे प्राध्यापक निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि ही फाइल आहे हे विभागात कोणाला ठाऊक नव्हतं. भलत्याच देशांतले विद्यार्थी ती मागत होते. जुन्या बॅकअपच्या डिस्कवर ती मिळाली. तिला नवा पत्ता दिला आणि जुन्या पत्त्यावर ‘३०१’चा, म्हणजे कायमच्या स्थलांतराचा निरोप लावला. दर महिन्याच्या आकडेवारीत ती टिपणं अजून विभागप्रमुखांच्या मनोगताच्या बरीच वर असतात. मनोगताला होमपेजवरून थेट लिंक आहे.