नुसतं डबिंग पुरत नाही

परदेशी कार्टून मराठीत डब करणं फारसं अवघड नाही. पण कार्यक्रमातून मुलांना काही शिकवायचं असेल, तर खरं काम आवाज बदलण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं. १९६९ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या लहान मुलांच्या शैक्षणिक टीव्ही कार्यक्रमानं हे काम फार नेटानं केलं.

एडवर्ड पामर या त्यांच्या संशोधकाची पद्धत मला विशेष आवडते. मुलासमोर टीव्हीवर कार्यक्रम लावायचा आणि शेजारी दर साडेसात सेकंदांनी बदलणारी चित्रं दाखवायची. मुलाची नजर टीव्हीवरून केव्हा ढळते, हे निरीक्षक टिपून ठेवायचा. बाहुल्या आणि माणसं एकत्र दाखवू नका, मुलांचा गोंधळ होईल, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. प्रसारणाआधीच्या चाचणीत मात्र नुसत्या माणसांचे, रस्त्यावरचे प्रसंग लागले की मुलं इकडेतिकडे बघायला लागली. मग तो सल्ला बाजूला ठेवला गेला आणि बिग बर्ड हा भलामोठा पक्षी-बाहुला कार्यक्रमातल्या रस्त्यावर आला.

दुसऱ्या देशांसाठी तिथली आवृत्ती काढतानाही ही शिस्त सुटली नाही. आपल्या मुलांना काय शिकवायचं, हे आधी तिथलेच शिक्षक आणि तज्ज्ञ बसून ठरवतात. दक्षिण आफ्रिकेत एड्सनं घरंच्या घरं पोखरली होती. म्हणून २००२ मध्ये ‘तकलानी सेसमी’ या तिथल्या आवृत्तीत ‘कामी’ नावाचं पात्र आलं. पिवळ्या रंगाची ही बाहुली एचआयव्हीबाधित होती आणि तिची आई एड्सनं गेलेली होती. तिच्याशी खेळलं, तिला जवळ घेतलं तर काही होत नाही, हे मुलांना तिच्याकडे बघूनच कळायचं. असं पात्र आपल्याकडे नको, म्हणून अमेरिकेतल्या काही लोकप्रतिनिधींनी आक्षेप घेतला. पण कामी घडवली होती ती दक्षिण आफ्रिकेतल्या मुलांसाठी, आणि माझ्या मते तोच निर्णय योग्य होता.

एवढ्या खटाटोपाचा उपयोग होतो का? १५ देशांतल्या २४ अभ्यासांचा, म्हणजे १०,००० हून अधिक मुलांचा, एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अक्षर-अंकांची ओळख, आरोग्याची माहिती, इतरांविषयीची समज या सगळ्यांत कार्यक्रम बघणारी मुलं पुढे होती.

भारतात २००६ मध्ये ‘गली गली सिम सिम’ ही इथली आवृत्ती आली, शाळेच्या गणवेशातल्या चमकी या बाहुलीला घेऊन. घरी टीव्ही नसलेल्या मुलांसाठी भाजीच्या हातगाडीवर टीव्ही ठेवून तो वस्त्यांमध्ये फिरवला गेला. मराठीतही असं काही व्हावं, असं मला मनापासून वाटतं. मात्र त्याची चाचणी फक्त पुण्या-मुंबईत घेऊन भागणार नाही. धडगावच्या आणि सावंतवाडीच्या मुलांची नजर कुठे ढळते, तेही बघावं लागेल.