सिंथेटिक आणि मान्यताप्राप्त: डिझेल पिकअपच्या इंजिन ऑइलमागचा इतिहास

२०१६ साल संपत आले तेव्हा अमेरिकेतल्या डिझेल पिकअपवाल्यांपुढे एक पेच उभा राहिला. १ डिसेंबरपासून ‘एपीआय सीके-४’ या नव्या दर्जाची इंजिन ऑइल बाजारात येणार होती (एपीआय म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, ऑइलचे दर्जे ठरवणारी तेल उद्योगाची संघटना). नवा दर्जा आधीच्या सीजे-४ पेक्षा सरस आहे, जुन्या इंजिनांतही बिनदिक्कत चालेल, असे सगळीकडे सांगितले जात होते. नेमक्या त्याच सुमारास फोर्डने जाहीर केले, की आमच्या डिझेल इंजिनांत नुसता सीके-४ चा शिक्का असलेले ऑइल घालू नका. काही सीके-४ ऑइलमध्ये झीज रोखण्याची ताकद सीजे-४ पेक्षा कमी पडते, असे कंपनीला चाचण्यांत दिसले होते. फोर्डने मग स्वतःचे मानक काढले, डब्ल्यूएसएस-एम२सी१७१-एफ१, आणि त्यात उतरलेल्या ऑइलची यादी प्रसिद्ध केली.

डब्यावर ‘फुल सिंथेटिक’ लिहिलेले, किंमत चांगली, शिक्काही नव्यातला नवा, आणि तरी ते ऑइल आपल्या गाडीला चालेलच असे नाही, ही गोष्ट अनेकांच्या गळी उतरेना. ती समजायची तर दोन वेगवेगळे इतिहास पाहावे लागतात. एक सिंथेटिक ऑइलचा, दुसरा मान्यतेचा. हे दोन्ही बराच काळ एकमेकांना न भेटता चालत आले आहेत, आणि निवड करताना दुसरा जास्त महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत आहे.

मान्यतेची सुरुवात ट्रॅक्टरपासून होते. कॅटरपिलरने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेल ट्रॅक्टर विकायला घेतले. त्या काळी इंजिन ऑइल म्हणजे शुद्ध केलेले खनिज तेल, त्यात दुसरे काही मिसळलेले नसे. पेट्रोल इंजिनात ते ठीक चाले. डिझेलच्या उष्णतेत आणि सततच्या ओढीत मात्र तेल जळून पिस्टनच्या खाचांत राळेसारखा थर बसू लागला. रिंगा त्यात चिकटल्या, की कॉम्प्रेशन गेले, ऑइल जळू लागले आणि इंजिन उघडायची वेळ आली. १९३५ च्या सुमारास कॅटरपिलर आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया (आजची शेव्हरॉन) यांनी मिळून तेलात धातूचे साबणासारखे संयुग घालून पाहिले. ते रिंगांच्या खाचा स्वच्छ ठेवत होते. ‘डिटर्जंट’ ऑइलचा जन्म तो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची. तेल चांगले आहे हे तेलवाल्याने सांगायचे नाही, इंजिनाने सांगायचे, हे तत्त्व इथे रुजले. कॅटरपिलरने एक सिलिंडरचे चाचणी इंजिन तयार केले. ऑइल त्यात ठरावीक तास चालवायचे, मग पिस्टन बाहेर काढून खाचांतला थर मोजायचा. त्यात उतरेल त्याच ऑइलला कंपनीची मान्यता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने हाच धागा उचलला. १९४१ चे २-१०४ हे लष्करी मानक अशाच इंजिन चाचण्यांवर उभे होते, आणि १९५० मध्ये त्याचेच एमआयएल-ओ-२१०४ झाले.

पहिल्या डिटर्जंट ऑइलने एक नवे दुखणेही आणले. रिंगा सुटल्या, पण तांबे आणि शिसे यांच्या मिश्रधातूची बेअरिंग त्या तेलात खराब होऊ लागली. त्यावर उपाय शोधताना १९४० च्या दशकात झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट, म्हणजे झेडडीडीपी, हे अ‍ॅडिटिव्ह पुढे आले. ते घातले बेअरिंग आणि तेल खराब होऊ नये म्हणून. पुढे कळले, की कॅम आणि टॅपेट हे व्हॉल्व्ह उघडणारे भाग जिथे एकमेकांवर दाबून घासतात तिथे ते धातूवर एक पातळ थर धरते आणि झीज थोपवते. या संयुगातला फॉस्फरस लक्षात ठेवावा, कारण २०१६ चा सगळा वाद त्याच्याच भोवती झाला.

एपीआयने १९४७ मध्ये ऑइलचे पहिले वर्गीकरण केले, तेव्हा रेग्युलर, प्रीमियम आणि हेवी ड्यूटी असे तीनच प्रकार होते. पाच वर्षांनी ते बदलले. १९७० च्या सुमारास पेट्रोलसाठी ‘एस’ आणि डिझेलसाठी ‘सी’ ही आजची अक्षरे आली. पुढचे अक्षर म्हणजे पुढची पिढी: सीडी, सीई, सीएफ-४, सीजी-४ असे करत आज सीके-४. यातला ‘४’ म्हणजे फोर-स्ट्रोक.

ही वर्गवारी मोठ्या मालट्रकसाठी आहे आणि पिकअप तिच्यात कशीबशी बसते, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तो चुकीचा आहे. जनरल मोटर्सचे पिकअपमध्ये बसणारे ६.५ लिटरचे डिझेल इंजिन हे स्वतःच ऑइल तपासायचे साधन होते. त्यात कॅमवर फिरणाऱ्या छोट्या रोलरचा आस काजळीने झिजत असे. १९९५ च्या सीजी-४ मध्ये त्यासाठी चाचणी आली: इंजिन १,००० आरपीएमवर जवळजवळ पूर्ण भाराखाली ५० तास चालवायचे, मग आस काढून त्याची झीज मोजायची. सीजी-४ मध्ये सरासरी ११.४ मायक्रोमीटर झीज चालत होती, १९९८ च्या सीएच-४ मध्ये ती ७.६ वर आली. केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाच्या आसपास असलेल्या या आकड्यावर ऑइल पास की नापास ते ठरत होते.

दुसरे उदाहरण तर थेट फोर्डच्या पिकअपमधले. १९९४ मध्ये आलेल्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात (ते नाव्हिस्टार बनवत असे) इंजेक्टर चालवायचे काम इंजिन ऑइलकडेच होते. उच्च दाबाचा पंप ऑइल इंजेक्टरच्या डोक्यावर ढकले आणि तिथला पिस्टन तो दाब सात पट करून डिझेल सिलिंडरमध्ये फवारे. अशा इंजिनात ऑइलला फेस आला तर काय होईल, हे उघड आहे. हवा दाबली जाते, ऑइल दाबले जात नाही. हवेचे बुडबुडे मिसळले, की इंजेक्शनची वेळ चुकली आणि इंजिन अडखळले. म्हणून त्याच ७.३ इंजिनावर २० तासांची चाचणी बसवली गेली, आणि ऑइलमधल्या हवेचे प्रमाण ८ टक्क्यांपेक्षा जास्त नको असे ठरले. कमिन्सचे ५.९ लिटर आयएसबी इंजिन, डॉज राम पिकअपमधले, सीजे-४ च्या वेळी कॅम आणि टॅपेटची झीज मोजायला घेतले गेले. एपीआयच्या दर्जांत पिकअपच्या इंजिनांची दुखणी अशी आतवर शिरलेली आहेत.

मग प्रदूषणाचे नियम आले आणि तेलवाल्यांचे हात बांधले गेले. २००२ च्या सुमारास ईजीआर, म्हणजे धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवायची व्यवस्था, सर्रास झाली. त्यामुळे ऑइलमध्ये काजळी आणि आम्ल वाढले, त्यासाठी सीआय-४ दर्जा आला. २००६ मध्ये अमेरिकेत १५ पीपीएम (दहा लाखांत १५ भाग) गंधकाचे डिझेल मिळू लागले, आणि २००७ च्या मॉडेलांपासून धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ बसला. काजळी डीपीएफमध्ये जळून जाते, राख मात्र जळत नाही, ती तिथेच साचते. ही राख येते ऑइलमधल्या धातूंपासून, म्हणजे १९३५ पासून इंजिन स्वच्छ ठेवणाऱ्या डिटर्जंटमधून आणि झेडडीडीपीमधल्या जस्तातून. फॉस्फरस पुढे एक्झॉस्टमधल्या कॅटॅलिस्टला निकामी करतो. म्हणून सीजे-४ मध्ये सल्फेटेड राखेला १ टक्का, फॉस्फरसला ०.१२ टक्के आणि गंधकाला ०.४ टक्के अशी कमाल मर्यादा घातली गेली. इंजिन वाचवणारे पदार्थच फिल्टरला बाधतात, तेव्हा दोघांचा मेळ कुठे घालायचा, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

आता सिंथेटिककडे. अमेरिकेत आणि जर्मनीत १९२० आणि ३० च्या दशकांपासून रसायनांपासून वंगण बनवायचे प्रयोग चालले होते. युद्धकाळातली तेलटंचाई आणि कडाक्याची थंडी यांनी जर्मनांना त्याकडे जोराने ढकलले. पुढे जेट इंजिनांना एस्टर ऑइल लागले. लढाऊ विमाने चालवलेल्या अल्बर्ट अमाटुझिओ यांनी तीच कल्पना मोटारीत आणली. त्यांच्या अ‍ॅम्सऑइलचे १०डब्ल्यू-४० (पहिला आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, दुसरा गरम असतानाचा) हे १९७२ मध्ये एपीआयच्या कसोटीला उतरलेले पहिले सिंथेटिक मोटार ऑइल. मोबिल १ त्यानंतर युरोपात आणि १९७० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत आले.

एपीआय बेस ऑइलचे, म्हणजे दुसरे काही मिसळण्याआधीच्या मूळ तेलाचे, पाच गट करते. पहिले तीन कच्च्या तेलापासून शुद्ध केलेले, चौथा पॉलीअल्फाओलेफिन या रसायनांपासून बनवलेल्या तेलाचा, पाचवा उरलेल्या सगळ्यांचा. बराच काळ सिंथेटिक म्हणजे चौथा-पाचवा गट असे धरले जाई. १९९० च्या दशकात कॅस्ट्रॉलने आपल्या सिंथेटिक ऑइलमध्ये तिसऱ्या गटाचे, हायड्रोजनच्या प्रक्रियेने रेणूंची जडणघडण बदललेले तेल वापरले, तेव्हा मोबिलने हरकत घेतली. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या जाहिरात-तक्रारी पाहणाऱ्या नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग डिव्हिजनने कॅस्ट्रॉलच्या बाजूने निर्णय दिला. तेव्हापासून अमेरिकी बाजारात तिसऱ्या गटाचे ऑइलही सिंथेटिक म्हणूनच विकले जाते. यात फसवणूक झाली असे मला वाटत नाही, तिसरा गट खरोखर चांगला आहे. पण त्या निर्णयामुळे सिंथेटिक हा शब्द ऑइल कसे बनले एवढेच, तेही ढोबळपणे, सांगू लागला. ते कुठल्या इंजिनात तपासले गेले, हे तो कधीच सांगत नव्हता.

पिकअपला सिंथेटिकचा खरा फायदा थंडीत होतो. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेच्या ग्रेडनुसार १५डब्ल्यू ऑइलची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंश सेल्सियसला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला आणि ०डब्ल्यूची उणे ३५ ला. साध्या खनिज तेलातून १५डब्ल्यू-४० सहज बनते, ५डब्ल्यू-४० साठी वरच्या दर्जाचे बेस ऑइल लागतेच. म्हणून कमिन्सच्या ६.७ लिटर इंजिनाच्या राम पिकअपला कडक थंडीत ५डब्ल्यू-४० सिंथेटिक सांगितले जाते. सतत ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत ऑइल जास्त तापते, तिथेही सिंथेटिक लवकर दाट होत नाही. जिथे यातले काहीच नाही, तिथे मान्यता असलेले साधे १५डब्ल्यू-४० घातल्याने इंजिनाचे काही बिघडत नाही.

आता पुन्हा २०१६. सीके-४ ची मागणी इंजिन उत्पादकांच्या संघटनेने २०११ मध्ये केली होती. इंधन बचतीचे नवे नियम येत होते, ऑइल जास्त काळ टिकायला हवे होते. त्या प्रयत्नातून दोन दर्जे निघाले: जुन्या इंजिनांनाही चालणारा सीके-४, आणि गरम असताना जास्त पातळ राहणारा एफए-४, जो सगळ्या जुन्या इंजिनांना चालत नाही. सीके-४ ने फॉस्फरस कमी करायला सांगितले नव्हते, कमाल मर्यादा तीच होती. पण किमान मर्यादाही नव्हती. पेट्रोल इंजिनांच्या एसएन दर्जात पातळ ग्रेडला ८०० पीपीएमची कमाल मर्यादा होती. एकच ऑइल पेट्रोल आणि डिझेल दोन्ही गाड्यांना विकता यावे म्हणून काही उत्पादकांनी फॉस्फरस खाली आणला. फोर्डला ६.७ लिटर पॉवर स्ट्रोकच्या व्हॉल्व्ह ट्रेनची, म्हणजे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या भागांची, काळजी होती. एफ१ मानकात म्हणून किमान १,००० पीपीएम फॉस्फरस आणि त्याच इंजिनावरची झिजेची चाचणी आली. एपीआयने वरची रेघ आखली होती, फोर्डने खालची आखली.

बाकीच्यांनीही आपापल्या रेघा आखल्या आहेत. कमिन्सचे सीईएस २००८६, राम गाड्यांसाठी एमएस-१०९०२, जनरल मोटर्सच्या ३ लिटर ड्युरामॅक्ससाठी डेक्सॉस डी. या शेवटच्या इंजिनाला ०डब्ल्यू-२० ऑइल लागते आणि त्याच्या ऑइल पंपाचा पट्टा ऑइलमध्येच भिजून फिरतो. शेजारी उभ्या असलेल्या ६.६ लिटर ड्युरामॅक्सचे १५डब्ल्यू-४० त्यात घालून चालणार नाही, कंपनी एकच असली तरी. युरोपात हाच मार्ग आधीपासून आहे, फोक्सवॅगनच्या डीपीएफ असलेल्या अनेक डिझेल गाड्यांना ५०७.०० हा कंपनीचा क्रमांक लागतो. जपानी गाड्यांसाठी जासो या तिथल्या मानक संस्थेचे डीएल-१ आणि डीएच-२ हे दर्जे आहेत.

ऑइल घेताना डब्यामागचा मजकूर त्यामुळे शांतपणे वाचावा. एपीआयचा गोल शिक्का म्हणजे परवाना घेतलेला आहे. ‘अमुक मानकासाठी मान्यताप्राप्त’ म्हणजे इंजिन कंपनीने कागदपत्रे पाहून होकार दिला आहे. ‘अमुक मानकासाठी शिफारस’ किंवा ‘गरजा पूर्ण करते’ असे लिहिले असेल तर ते ऑइल बनवणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे आहे. ते खरेही असेल, पण वॉरंटीच्या वादात त्याचे वजन वेगळे पडते. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे ऑइल फुकट दिल्याशिवाय किंवा खास सवलत घेतल्याशिवाय गाडी कंपनीला स्वतःच्याच ब्रँडची सक्ती करता येत नाही. मानकाचा क्रमांक मात्र ती सांगू शकते, आणि मॅन्युअलमध्ये तोच छापलेला असतो.

या याद्या स्थिर नसतात. घटकांचे मिश्रण बदलले की मान्यता पुन्हा घ्यावी लागते, परवान्यांना मुदत असते, आणि मॅन्युअल छापल्यावर कंपनी ग्रेडच बदलते असेही घडते. रामच्या ३ लिटर इकोडिझेलला सुरुवातीला ५डब्ल्यू-३० सांगितले होते, नंतर ते ५डब्ल्यू-४० केले गेले. ज्यांनी फक्त जुने मॅन्युअल पाहिले ते जुन्याच ग्रेडवर राहिले. क्रमांक मॅन्युअलमधून घ्यावा, त्यावर आलेली कंपनीची नवी सूचना पाहावी, आणि मग ऑइलचे पूर्ण नाव ग्रेडसकट कंपनीच्या चालू यादीत शोधावे. एकाच ब्रँडच्या ५डब्ल्यू-४० ला मान्यता असते आणि १०डब्ल्यू-३० ला नसते, असेही असू शकते.