संभाजीनगर–मुंबई: अंतर २८० किमी, मग विमानाच्या तिकिटावर तासभर का?

मराठवाड्याची वाहतूक मुळात मुंबईकडे तोंड करून आखलेलीच नव्हती. निजामाच्या राज्याची राजधानी हैदराबाद, म्हणून मनमाडहून निघालेली मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वेही तिकडेच गेली. मुंबईच्या प्रवाशाला मनमाडला सामानासकट गाडी बदलावी लागे. ती कटकट नव्वदच्या दशकात रुळांचे रुंदीकरण झाल्यावर संपली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, सरकारी कामे मुंबईला गेली, रेल्वेची वाट मात्र तीच राहिली. गाडी आधी वायव्येला मनमाडला जाते, मग नाशिककडे वळते, आणि ३७५ किमी भरतात. संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ ते मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ सरळ रेषेत जेमतेम २८० किमी, म्हणजे १५० सागरी मैल.

विमानाबाबत वाद होतो तो वेळेवरून. तिकिटावरची वेळ निव्वळ हवेतली नसते. विमानाच्या चाकांखालचे ठोकळे काढले की मोजणी सुरू होते आणि मुंबईत जागेवर उभे राहून पुन्हा ठोकळे लागले की थांबते. हा ब्लॉक टाइम. धावपट्टीपर्यंत जाणे, उतरल्यावर टॅक्सीवेवरची (धावपट्टीहून उभे राहण्याच्या जागेकडे नेणाऱ्या वाटेवरची) रांग, बे म्हणजे विमान उभे करायची जागा रिकामी होण्याची वाट, सगळे त्यात आले. जेट प्रत्यक्ष हवेत ४० मिनिटांच्या आसपासच असते. एवढ्याशा पल्ल्यात चढाई संपते न संपते तोच उतरण लागते. त्यामुळे ताशी ८३० किमीचे जेट आणि ५०० किमीचे पंख्यांचे एटीआर विमान यांच्यात फरक पडतो तो १०-१५ मिनिटांचाच.

बाकीची मिनिटे मुंबईची. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. २७ क्रमांकाच्या मुख्य धावपट्टीवर उतरणे चालू असेल तर पूर्वेकडून येणारे आपले विमान जवळपास सरळ आत येते. ती देखभालीसाठी बंद असली की काम १४/३२ या दुसऱ्या धावपट्टीवर जाते, तासाला कमी विमाने बसतात आणि वर घिरट्या सुरू होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या वेळची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ उड्डाणे-अवतरणांवर आणली गेली ती याच घिरट्यांपायी. कंपन्यांचा तोडगा वेगळा: वेळापत्रकातच काही मिनिटे जास्त धरायची. त्यातून ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत आलेले विमान ‘वेळेवर’च गणले जाते. मुंबईहून पुढचे विमान धरणाऱ्याला ही जादा मिनिटे सोयीची, हे खरे. पण १५ मिनिटे म्हणजे इथल्या हवेतल्या वेळेच्या एक-तृतीयांशाहून जास्त. दिल्लीच्या ९८० किमीच्या प्रवासात ती खपून जातात, इथे नाही. वक्तशीरपणाची टक्केवारी मात्र दोन्हीकडे सारखीच चांगली दिसते.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून विमान की रस्ता हा हिशेब आणखी चुरशीचा झाला आहे. चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, त्यात ब्लॉक टाइम, सामानाचा पट्टा आणि मुंबईतली कोंडी मिळवली की विमानाचेही तीन-साडेतीन तास सहज होतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ चिकलठाण्याहून सरळ रेषेत सुमारे २६५ किमीवर आहे. हवेत त्याने दीड-दोन मिनिटेच वाचतात. बुकिंगपूर्वी तिकिटावरच्या तासाऐवजी त्याच फ्लाइटच्या आठवडाभराच्या उड्डाण-अवतरणाच्या नोंदी ट्रॅकिंग ॲपवर पाहाव्यात, आणि जोडविमान असेल तर त्यातला सर्वांत उशिराचा दिवस धरावा.