पेनड्राइव्ह आणि पोर्टेबल एसएसडी: फोनला नेमकं काय जोडायचं?

फोनवर 'स्टोरेज भरत आलं आहे' अशी सूचना दिसू लागली की आपण आधी जुने फॉरवर्ड उडवतो, मग न लागणारी दोन-चार अ‍ॅप काढतो आणि महिनाभरात पुन्हा तिथेच येऊन थांबतो. मग कुणीतरी सुचवतं, "बाहेरून ड्राइव्ह जोड ना." सल्ला चांगला आहे, पण विकत घ्यायला गेलं की समोर दोन वस्तू येतात. एक बोटाएवढा ओटीजी, म्हणजे थेट फोनला लावता येणारा, पेनड्राइव्ह आणि दुसरी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी पोर्टेबल एसएसडी, म्हणजे डेटा साठवायची डबी. दोन्ही फोनच्या टाइप-सी पोर्टला लागतात, दोन्हींत फिरणारा कुठलाच भाग नसतो आणि फाइल्सच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही अगदी सारख्या दिसतात. त्यामुळे एसएसडी म्हणजे मोठा पेनड्राइव्ह, असा समज पक्का होतो. या समजापायी कुणी गरज नसताना एसएसडी घेतं, तर कुणी वर्षानुवर्षांचे फोटो एका पेनड्राइव्हवर टाकून निर्धास्त होतं. मला काळजी वाटते ती या दुसऱ्यांची.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण निराशा बहुतेकदा इथूनच सुरू होते. यातलं काहीही जोडलं तरी फोनची स्वतःची जागा वाढत नाही. १२८ जीबीचा फोन १२८ जीबीचाच राहतो. अ‍ॅप बाहेरच्या ड्राइव्हवर बसत नाहीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येणारे फोटो परस्पर तिकडे जात नाहीत. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या मार्शमेलो आवृत्तीपासून बाहेरचं स्टोरेज फोनच्या स्टोरेजमध्ये सामावून घेण्याची सोय आली खरी, पण ती मुख्यतः मेमरी कार्डासारख्या कायम आत बसून राहणाऱ्या वस्तूसाठी होती. शिवाय ती द्यायची की नाही हे फोन कंपन्यांनीच ठरवलं आणि अनेकांनी दिली नाही. तेव्हा बाहेरच्या ड्राइव्हचं काम एवढंच: फोनमधला जड माल, म्हणजे व्हिडिओ, फोटो, रेकॉर्डिंग, बाहेर नेऊन ठेवायचा आणि फोन मोकळा करायचा.

आता दोन्हींच्या पोटात काय असतं ते पाहू.

दोन्हींत फ्लॅश मेमरी असते. तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली ही मेमरी वीज गेली तरी डेटा धरून ठेवते. पण तिची एक अडचण आहे. भरलेल्या जागेवर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक मोठा गठ्ठा पुसावा लागतो, मगच लिहिता येतं, आणि प्रत्येक पुसण्यागणिक ती जागा थोडी झिजते. कुठे लिहायचं, कुठलं पुसायचं, झीज सगळीकडे सारखी कशी पसरवायची, हे ठरवणारी एक वेगळी चिप असते. तिला कंट्रोलर म्हणतात. पेनड्राइव्ह आणि एसएसडी यांच्यातला खरा फरक या कंट्रोलरमध्ये आहे.

साध्या पेनड्राइव्हमधला कंट्रोलर लहान आणि कामापुरता असतो. तो बहुधा एका वेळी एक-दोन मेमरी चिपशीच बोलतो. सुरुवातीचा काही डेटा अनेक पेनड्राइव्ह झटपट घेतात, कारण मेमरीचा एक भाग तात्पुरत्या जलद लिखाणासाठी राखलेला असतो. तो भरला की वेग धाडकन खाली येतो. खोक्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नसतो, आणि आपल्याला फोन रिकामा करताना हवा असतो तो लिहिण्याचा वेग. पहिले काही जीबी भराभर गेले आणि मग पट्टी जागची हलेना, असा अनुभव आला असेल तर त्यात फोनचा दोष नव्हता.

एसएसडीचा कंट्रोलर एकाच वेळी अनेक चिपवर काम वाटून देतो, झीज समान पसरवतो, खराब होऊ लागलेली जागा वापरातून काढतो आणि तिच्या बदल्यात आधीपासून राखून ठेवलेली जागा वापरतो. राखीव जलद भाग तिच्यातही असतो, पण तो बराच मोठा असतो आणि तो भरल्यानंतरचा वेगही बहुतेक पेनड्राइव्हपेक्षा कितीतरी बरा असतो.

हिशेब मांडून पाहू. ६४ जीबीचे फोटो-व्हिडिओ बाहेर काढायचे आहेत. पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला १० एमबीवर स्थिरावला तर सुमारे पावणेदोन तास लागतील. ४० एमबी मिळाला तर सत्तावीस मिनिटं. एसएसडी सेकंदाला ८०० एमबीने लिहू शकली तर कागदावर दीड मिनिटसुद्धा लागत नाही. हा शेवटचा आकडा वाचून एसएसडीची ऑर्डर देऊ नका. त्याआधी आपला फोन तपासायचा आहे.

गोल कडांचा पोर्ट म्हणजे वेग नव्हे

टाइप-सी हे पोर्टच्या आकाराचं नाव आहे. वेगाशी त्याचा संबंध नाही. या एका गैरसमजामुळे जितक्या एसएसडी वाया गेल्या असतील तितक्या दुसऱ्या कशानेही नसतील, असं माझं ठाम मत आहे. असंख्य फोनमध्ये, विशेषतः स्वस्त आणि मधल्या फळीतल्या, टाइप-सी आकाराच्या पोर्टमागे यूएसबी २.० बसवलेलं असतं. त्याची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, आणि प्रत्यक्षात हाती लागतात ३५ ते ४०. अशा फोनला कितीही वेगवान एसएसडी लावली तरी ती ४० च्याच चालीने चालणार.

महाग फोनमध्ये ही अडचण नसते असंही नाही. आयफोन १५ मालिकेत २०२३ साली टाइप-सी आला, पण १५ आणि १५ प्लसमध्ये यूएसबी २ चाच वेग आहे. १० गिगाबिटचा वेग फक्त प्रो मॉडेलांना मिळाला. आयफोन १६ मध्येही हीच विभागणी राहिली. तेव्हा आपल्या फोनच्या तांत्रिक माहितीत 'यूएसबी' या ओळीपुढे काय लिहिलंय ते आधी वाचा. तिथे २.० असेल तर वेगासाठी एसएसडी घेण्यात अर्थ नाही. ३.१ किंवा ३.२ असेल तर आहे.

केबलचंही तेच. एसएसडी केबलने जोडावी लागते आणि हाताशी असते ती चार्जरची केबल. चार्जिंगसाठी दिलेल्या बऱ्याच केबलींमधून डेटा यूएसबी २ च्याच वेगाने जातो. म्हणून एसएसडीसोबत आलेली आखूड केबल जपून ठेवा. पेनड्राइव्हला केबलच लागत नाही, आणि इथे मात्र तो सरस ठरतो. प्रवासात, उभ्या उभ्या, दोन मिनिटांत चार व्हिडिओ कुणाला द्यायचे असतील तर लोंबणारी केबल आणि हातातली डबी सांभाळण्यापेक्षा दोन तोंडांचा पेनड्राइव्ह फार सोयीचा पडतो. एक टोक फोनला, दुसरं संगणकाला. फक्त तो लावलेला फोन खिशात घालू नका. पोर्टवर ताण येऊन पोर्टच सैल होतो.

मग एसएसडी खरी कुणाला लागते? व्हिडिओ करणाऱ्यांना. आयफोन १५ प्रो आणि त्यापुढच्या प्रो मॉडेलांत प्रोरेस या उच्च दर्जाच्या, जड फाइलींच्या प्रकारातलं चित्रण थेट बाहेरच्या ड्राइव्हवर करता येतं. ४के दर्जाचं प्रोरेस चित्रण सेकंदाला ३० फ्रेमने मिनिटाला सुमारे ६ जीबी खातं. ६० फ्रेमने करायचं तर ड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान २२० एमबी असावा, असं अ‍ॅपल सांगतं. आणि हा वेग क्षणभर मिळून भागत नाही, चित्रण संपेपर्यंत टिकावा लागतो. साधा पेनड्राइव्ह इथे मान टाकतो. चित्रण मध्येच थांबतं आणि गेलेला प्रसंग परत येत नाही.

विजेचा मुद्दाही यालाच जोडून येतो. बाहेरच्या ड्राइव्हला वीज फोनच पुरवतो. पेनड्राइव्हला ती फारच थोडी लागते. एसएसडीला जास्त लागते आणि आयफोनचा टाइप-सी पोर्ट जास्तीत जास्त साडेचार वॅट देतो. बहुतेक पोर्टेबल एसएसडी त्यात भागवतात. काहींना भागत नाही, मग त्या दिसतात आणि नाहीशा होतात. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क फोनला लावली की टक टक आवाज करत राहते, तेही बहुधा वीज पुरत नसल्यामुळेच. यावर उपाय म्हणजे चार्जर जोडता येईल असा हब, पण तो बाळगायला लागला की 'खिशातलं स्टोरेज' उरत नाही. आणि काही अँड्रॉइड फोनमध्ये ओटीजीची सेटिंग हाताने चालू करावी लागते आणि दहा मिनिटं वापर झाला नाही तर ती आपोआप बंद होते. ड्राइव्ह दिसत नसेल तर तो बिघडला असं म्हणण्याआधी तिथे एकदा बघा.

चार जीबीची भिंत

एकदा मी एका समारंभाचं दीड तासाचं सलग चित्रण पेनड्राइव्हवर टाकायला गेलो. ड्राइव्हवर ५० जीबी मोकळे होते आणि तरी 'जागा अपुरी' असा संदेश येत होता. फोन बंद-चालू केला, पोर्ट पुसला, दुसरा पेनड्राइव्ह शोधला. अडचण होती ती फॉरमॅटची, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीची. अनेक पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये येतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी. ड्राइव्ह एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये करून घेतला की ही भिंत जाते. आजचे बहुतेक फोन, विंडोज आणि मॅक तिन्हीकडे तो चालतो. पोर्टेबल एसएसडी बहुधा एक्सफॅटमध्येच येतात. विंडोज संगणकावर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला ड्राइव्ह मात्र फोनला लावू नका. काही फोन तो ओळखतच नाहीत, काही नुसता वाचतात. आणि फॉरमॅट केल्यावर आतलं सगळं पुसलं जातं, हे अर्थातच लक्षात असू द्या.

एक्सफॅटची एक कमजोरीही आहे. लिहिणं चालू असताना ड्राइव्ह उपटला तर एखादी फाइलच नव्हे, ड्राइव्हवरच्या फाइलींची अख्खी यादी बिघडू शकते. पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली तरी शेवटचा थोडा डेटा फोनच्या मेमरीतून ड्राइव्हवर जायचा बाकी असू शकतो. अँड्रॉइडमध्ये सूचनांच्या पडद्यावर 'इजेक्ट' असतं, ते दाबूनच काढा. आयफोनवर असं बटण नाही, तिथे काम संपल्यावर थोडं थांबून काढलेलं बरं.

आता टिकाऊपणाचं. फ्लॅश मेमरी डेटा धरते ती सूक्ष्म कप्प्यांमध्ये अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपाने आणि तो भार अतिशय हळूहळू झिरपत असतो. जेईडेक ही संस्था या क्षेत्रातली मानकं ठरवते. घरगुती वापराच्या एसएसडीने, तिची लिहिण्याची ठरलेली मर्यादा संपल्यावरही, वीज नसताना ३० अंश सेल्सिअस तापमानात १ वर्ष डेटा टिकवावा, असा जेईडेकचा निकष आहे. नव्या, कमी झिजलेल्या एसएसडीत तो याहून बराच जास्त टिकतो. पेनड्राइव्हच्या पाकिटावर असलं काही लिहिलेलं सहसा सापडत नाही. त्यात वापरलेली मेमरी कुठल्या दर्जाची आहे हेही ग्राहकाला कळायला मार्ग नसतो. म्हणून माझी वाटणी अशी आहे: पेनड्राइव्ह इथून तिथे नेण्यासाठी, एसएसडी ठेवण्यासाठी. आणि एसएसडीवरही एकच प्रत असेल तर ती पडल्यावर, हरवल्यावर किंवा कंट्रोलर मेल्यावर सगळं एकदमच जातं. मुलांचे फोटो, गेलेल्या माणसाचा आवाज, असं जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच.

ज्याचा फोन यूएसबी २ चा आहे आणि ज्याला वर्षातून दोनदा फोटो उतरवून संगणकावर न्यायचेत, त्याला चांगल्या नावाचा १२८ जीबीचा दोन तोंडी पेनड्राइव्ह पुरतो. अनोळखी नावाचा '२ टीबीचा' पेनड्राइव्ह दिसला तर त्याच्यापासून लांब राहा. आतली चिप लहान असते आणि कंट्रोलरला खोटी क्षमता सांगायला शिकवलेलं असतं. अशा ड्राइव्हवर फाइलींची नावं दिसतात, आत काही नसतं. संशय आला तर संगणकावर एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ यांसारखं मोफत साधन वापरून अख्खा ड्राइव्ह भरून आणि परत वाचून पाहता येतो. मात्र ही चाचणी ड्राइव्ह रिकामा असतानाच करा.

शेवटी फोनमधून मूळ फाइल काढायची वेळ येते. त्याआधी ड्राइव्हवरचे दोन-तीन व्हिडिओ उघडून बघा, सुरुवात, मध्य आणि शेवट, तेही ड्राइव्ह एकदा काढून परत लावल्यावर. मगच मूळ फाइल पुसा. पुसल्यावरही जागा वाढलेली दिसली नाही तर गोंधळू नका. आयफोनवर पुसलेले फोटो सुमारे ३० दिवस 'नुकतेच हटवलेले' या खणात राहतात, गूगल फोटोजमध्ये ३० किंवा ६० दिवस कचरापेटीत. तो खण रिकामा केला की जागेचा आकडा हलतो.