ग्रीन बे पॅकर्स

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे शहराचा व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघ. स्थापना १९१९. नॅशनल फुटबॉल लीगची (एनएफएल) सर्वाधिक, म्हणजे १३ अजिंक्यपदे या संघाकडे आहेत. लीगमधले इतर संघ धनाढ्य मालकांचे. जेमतेम लाखभर वस्तीच्या या गावाचा संघ मात्र लोकांच्या मालकीचा आहे.

इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरी करणारे कर्ली लॅम्बो आणि पत्रकार जॉर्ज कॅल्हून यांनी तो उभा केला. गणवेशांसाठी कंपनीने ५०० डॉलर दिले. तिच्या मांस डबाबंद करण्याच्या धंद्यावरूनच ‘पॅकर्स’ हे नाव पडले. १९२१ मध्ये संघ लीगमध्ये आला, पण पैशाची ओढाताण सुटेना. तेव्हा १९२३ मध्ये गावकऱ्यांना पाच डॉलरला एक याप्रमाणे भाग विकण्यात आले. या भागांवर लाभांश मिळत नाही, ते बाजारात विकताही येत नाहीत. संघ विसर्जित झाला तर पैसा कोणाच्याही खिशात जाऊ नये, अशी तरतूद मूळ घटनेतच होती. आज भागधारकांची संख्या पाच लाखांवर आहे. अशा मालकीला लीगचे नियम आता परवानगी देत नाहीत. पॅकर्सची जुनी म्हणून ती टिकली. त्या काळच्या छोट्या गावांचे बाकी सगळे संघ बुडाले किंवा मोठ्या शहरांत गेले. हा राहिला, याचे श्रेय प्रामुख्याने या व्यवस्थेलाच द्यावे लागते.

लॅम्बो यांनी १९४९ पर्यंत प्रशिक्षक म्हणून सहा अजिंक्यपदे मिळवून दिली. त्यांच्या संघातील डॉन हटसन (१९३५–४५) यांनी झेल घेऊन ९९ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळणारे सहा गुण) केले. हा विक्रम १९८९ पर्यंत अबाधित होता. पुढे मात्र घसरण झाली. १९५८ च्या हंगामात बारा सामन्यांत एकच विजय मिळाला.

१९५९ मध्ये व्हिन्स लोम्बार्डी प्रशिक्षक झाले आणि चित्र पालटले. डावपेच थोडेच ठेवायचे, पण ते अचूक होईपर्यंत घोटून घ्यायचे, ही त्यांची पद्धत. १९६१ ते १९६७ या सात वर्षांत त्यांनी पाच अजिंक्यपदे जिंकली; पहिले दोन सुपर बोलही (हंगामाअखेरची सर्वोच्च लढत) त्यांतच आले. लीगच्या नवोदित खेळाडू निवडीत थेट सतराव्या फेरीत घेतलेले बार्ट स्टार त्यांचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असलेले खेळाडू, होते. ३१ डिसेंबर १९६७ रोजी उणे २५ अंश सेल्सिअस थंडीत डॅलस काउबॉइजविरुद्ध झालेला सामना ‘आइस बोल’ म्हणून प्रसिद्ध आहे. शिट्ट्या गोठल्याने पंचांना त्यांच्याविना काम चालवावे लागले. १४–१७ अशी पिछाडी, १६ सेकंद शिल्लक आणि टचडाउनची रेषा हातभर अंतरावर. चेंडू लाथेने मारून तीन गुण घेत बरोबरी साधण्याचा सोपा मार्ग होता, पण जेरी क्रेमर यांनी समोरची फळी मागे रेटली आणि स्टार स्वतःच चेंडू घेऊन घुसले. या विजयाने सलग तिसरे अजिंक्यपद मिळाले. सुपर बोलच्या विजेत्याला मिळणारा चषक आज लोम्बार्डी यांच्या नावाचा आहे.

त्यानंतर जवळजवळ तीन दशके अजिंक्यपद आले नाही. १९९२ मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फार्व्ह आणि पुढच्या वर्षी बचावपटू रेजी व्हाइट दाखल झाले. १९९६ च्या हंगामाचा सुपर बोल पॅकर्सने न्यू इंग्लंडला ३५–२१ असे नमवून जिंकला. फार्व्ह यांच्या जागी आलेल्या ॲरन रॉजर्स यांनी २०१० च्या हंगामात पिट्सबर्गविरुद्ध चौथा सुपर बोल मिळवला आणि चार वेळा लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. २०२३ मध्ये ते न्यूयॉर्क जेट्सकडे गेले व जॉर्डन लव्ह क्वार्टरबॅक झाले.

घरचे सामने १९५७ मध्ये उघडलेल्या मैदानावर होतात. लॅम्बो यांच्या निधनानंतर, १९६५ मध्ये त्याला ‘लॅम्बो फील्ड’ हे नाव मिळाले. तेथे ८१ हजारांवर प्रेक्षक बसतात, आणि हंगामी तिकिटांच्या प्रतीक्षायादीतील नावे शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त आहेत.